वाटून घेतलेला ‘ई’

मित्रांनो, माझ्यासमोरून तुम्ही कधीतरी गेला असाल. दोन घटका थांबून वाचलेही असेल. पण वाचून झाले की माणूस पुढे जातो, आणि ज्याच्यावर वाचले त्याला कुणी लक्षात ठेवत नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. म्हणजे थोडी आहे, पण या वयात ती उगाळत बसण्यात अर्थ नाही.

मी भिंतीवरचा अक्षरफलक आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. लाकडी चौकट, आत काळे मखमली कापड, त्या कापडात डावीकडून उजवीकडे गेलेल्या बारीक खाचा आणि वर काचेचे दार, असे माझे रूप. माझ्यावर खडूने लिहीत नाहीत, रंगानेही नाही. माझी अक्षरे सुटी असतात. पांढऱ्या प्लॅस्टिकची, इंग्रजी, प्रत्येकाला मागच्या बाजूने दोन इवलेसे पाय. ते पाय खाचेत दाबले की अक्षर उभे राहते आणि उपटले की निघून येते. काम नसते तेव्हा ती सगळी एका पत्र्याच्या डब्यात एकमेकांच्या अंगावर पडून असतात.

एका सुताराने मला बनवले आणि त्याच्या बायकोने माझ्या खाचांत कापड चिकटवले. तिचा हात इतका सफाईदार होता, की आजही कुठे फुगा नाही की सुरकुती नाही. त्यानंतर मी एका मोठ्या हॉटेलात गेलो. दारातून आत आल्याबरोबर समोरच माझी जागा होती. आज कुठल्या दालनात कुणाची सभा आहे, हे लोक माझ्याकडे पाहून समजून घेत. तिथला व्यवस्थापक फूटपट्टी घेऊन अक्षरे लावायचा. दोन शब्दांतले अंतर जरा जास्त वाटले तर पुन्हा सगळी ओळ काढायचा. माझ्या अंगावर तेव्हा एकही चूक नसे, आणि त्याचा मला फार ताठा होता. समोर कुणी शब्द चुकीचा उच्चारला तरी मी मनातल्या मनात नाक मुरडायचो.

ताठा फार दिवस टिकत नाही. अक्षरे हातातून पडत, टेबलाखाली जात, केरात जात. त्यातही ‘ई’ भराभर संपू लागला. इंग्रजीत जिकडेतिकडे हा ई लागतो. रोज काढायचा, रोज लावायचा, मग त्याचे पाय मोडायचे. ज्याच्यावर कामाचा भार जास्त, तोच आधी मोडतो, हे मी तेव्हा पाहिले. पुढे माझ्या जागी चमचमता पडदा आला आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. मोडक्या खुर्च्या, फाटक्या गाद्या आणि मी. एका पालीने माझ्या पाठीमागे संसार थाटला होता. तेवढीच काय ती सोबत.

हॉटेल बंद झाले तेव्हा जुने सामान पाहायला एक ताई आल्या. त्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक घर चालवत होत्या. त्यांना हव्या होत्या खाटा. खाटा घेतल्या, आणि जाता जाता माझ्यापाशी थांबल्या. पदराने माझी काच पुसली. डबा उघडून पाहिला आणि म्हणाल्या, “यालाही घेऊ. दारात लावू.” बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मला नीट पाहिले होते. मी त्या दिवशी किती हरखलो, ते मला सांगता येणार नाही.

ताईंच्या घरात एक रीत होती. तिथे येणारा माणूस बहुतेक वेळा कुठल्यातरी इस्पितळात खाटेचा नंबर होऊन आलेला असे, नाहीतर पोराच्या घरी ‘मागच्या खोलीतले ते’ होऊन. ताईंना ते आवडत नसे. माणूस आला की त्या त्याला चहा देत आणि विचारत, “तुम्ही काय काम करायचात?” जे उत्तर येईल तो शब्द माझ्यावर लागे आणि पुढे खोलीचा आकडा. मग घरातले सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. टेलर आजोबा, कंडक्टर काका, पोस्टमन आजोबा. एका आजींनी जन्मभर फक्त घर सांभाळले होते. त्या म्हणाल्या, “मी मेली कसलं काम करणार? घरातला पैन् पैचा हिशेब तेवढा माझ्याकडे असायचा.” ताईंनी त्यांना अकाउंटंट केले. आजी तासभर माझ्यासमोर उभ्या होत्या. एक अक्षर कळत नव्हते त्यांना, पण आपला शब्द सगळ्यांत लांब आहे हे बरोबर कळले होते.

त्या लांब शब्दात एक ‘सी’ कमी होता, हे मात्र त्यांना कुणी सांगितले नाही.

अक्षरे लावण्याचे काम मामांचे. मामा म्हणजे घरातले नळ, दिवे, कुलुपे आणि गळकी छपरे यांचे एकमेव डॉक्टर. त्यांचे इंग्रजी बेताचे. ताई कागदावर शब्द लिहून देत. मामा तो वाचत नसत, नुसता बघत आणि जुळवत. नळाला वायसर मिळाला नाही तर ते सायकलची जुनी ट्यूब कापून बसवत. तोच न्याय त्यांनी इंग्रजीला लावला. ‘ओ’ संपला तर शून्य. ‘डब्ल्यू’ नसेल तर ‘एम’ उलटा. काहीच नसेल तर ती जागा सोडून पुढचे अक्षर. पाणी येतेय ना, मग झाले, असा त्यांचा एकंदर विचार.

आधी माझा जीव कळवळायचा. हॉटेलातले दिवस आठवायचे. मग सवय झाली. या घरात कुणी माझ्याकडे स्पेलिंग बघायला येतच नव्हते, आपण आहोत हे बघायला येत होते.

असे सगळे सुरळीत चालले असताना बाई आल्या.

बाईंनी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवले होते. पांढरेशुभ्र केस, कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. मागून त्यांचा भाचा दोन्ही हातांत बॅगा घेऊन घामाघूम होत आला. बाईंना मूलबाळ नव्हते. हा भाचाच त्यांचे सगळे करायचा. ताई स्वागताला पुढे आल्या, पण बाई थांबल्या त्या थेट माझ्यासमोर. चष्मा चढवला आणि काचेवर बोट ठेवले.

“हे शून्य आहे. ओ नाही,” त्या म्हणाल्या. “आणि हा डब्ल्यू नाही. एम उलटा लावलाय.”

मामांचा चेहरा खुलला. “बरोबर ओळखलंत बाई. आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.”

बाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले, की मामा लगेच बॅगा उचलायला धावले.

दुसऱ्या दिवशी बाईंचा शब्द लागला. सकाळचा चहा घेऊन त्या आल्या आणि वाचू लागल्या. टी, ई, ए, सी, एच, आर. त्यांचा हात कपासकट खाली आला.

“मामा, यात एक ई राहिलाय.”

“राहिला नाही बाई, नाहीच. डबा पालथा घालून झाला. दोनच उरलेत आता. एक तुम्हाला लावला, दुसरा ड्रायव्हर आजोबांकडे आहे.” मग मामांना युक्ती सुचली. “तीनाचा आकडा उलटा लावू का? लांबून सेम दिसतो.”

“नको. आकडा तो आकडा, अक्षर ते अक्षर.”

ताईंनी मनापासून खटपट केली. भाचा बाजारभर फिरला. पण माझ्या मापाची अक्षरे कुणी बनवतच नव्हते. नवी अक्षरे मिळाली ती जाड पायांची. त्यातले एक मामांनी माझ्या खाचेत रेटून पाहिले आणि इतकी वर्षे जपलेले माझे कापड कोपऱ्यात चिरले. मामा हळहळले आणि तो नाद सोडला.

त्यानंतर बाई माझ्यासमोरून जाईनात. जेवणघरात जायचा सरळ रस्ता माझ्यापुढून होता, पण त्या बागेतून वळसा घालून जात. पाऊल दुखत असले तरी. मला फार वाईट वाटे. चूक कुणाचीही असो, ती माझ्या अंगावर होती. आणि एवढे काय त्या एका अक्षराचे, असेही मनात येई. माणसे इथे दात, दृष्टी, घरदार मागे ठेवून आली होती. एका ईवाचून कुणाचे अडले होते?

ते मला कळले एका दुपारी. माझ्यासमोर एक बाक आहे. त्यावर ड्रायव्हर आजोबा बसलेले असत. त्यांनी उभी हयात लांब पल्ल्याचे ट्रक चालवले होते. आता चालता येत नव्हते फारसे, म्हणून दाराकडे तोंड करून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकून कुणाचे काय बिघडले आहे ते सांगत. त्या दिवशी बागेत पाणी साचले होते, म्हणून बाईंना नाइलाजाने माझ्यासमोरून यावे लागले. त्या मान फिरवून चालल्या होत्या.

“बाई, बसा जरा,” आजोबा म्हणाले. “त्या फळ्यावर किती दिवस रागावणार?”

“रागावले नाही मी.”

“मग तोंड का फिरवता? मी रोज बघतो.”

बाई बसल्या. बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्हाला सांगते. कुणाला बोलू नका. मला हल्ली शब्द सापडत नाहीत. परवा किल्ली मागायची होती, तर किल्ली हा शब्दच येईना. भाच्याला वाटलं मी दमले असेन. डॉक्टरांनी सांगितलंय, हे वाढत जाणार.”

आजोबा दाराकडची नजर काढून बाईंकडे तोंड करून बसले.

“सकाळी उठले की मी एक स्पेलिंग म्हणते. मनातल्या मनात. ते पूर्ण आलं की बरं वाटतं, आजचा दिवस मी आहे अजून. आणि इथं रोज समोर माझाच शब्द चुकीचा. आज मला कळतंय की तो चुकीचा आहे. पण रोज तेच वाचत राहिले, तर एक दिवस तेच खरं वाटायला लागेल. मग मला कोण सांगणार?”

मित्रांनो, मी लाकडाचा आहे, पण तेव्हा माझ्या चौकटीतून काहीतरी सरकल्यासारखे झाले. मी त्यांना हट्टी समजत होतो. त्या घाबरलेल्या होत्या.

“मग माझा ई घ्या की,” आजोबा म्हणाले. “माझ्या शब्दात ई आहे, हे मला मामानं सांगितलं तेव्हा कळलं. मी आपला पहिल्या अक्षरावरून ओळखतो. पोट सुटलेलं ते पहिलं अक्षर दिसलं, की तो मी.”

बाईंना हसू आले, पण त्यांनी मान हलवली. “एकाची चूक काढायची आणि दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, याला काय दुरुस्ती म्हणतात का? तुमचाही शब्द आहे तो.”

आजोबांनी थोडा विचार केला. “लांबच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असतात. माहितीये? एक चालवतो तेव्हा दुसरा मागं झोपतो. मग पाळी बदलते. स्टिअरिंग एकच, पण गाडी दोघांची असते. तसंच करू. एक आठवडा तुमच्याकडे, एक आठवडा माझ्याकडे.”

“आणि ज्याच्याकडे नसेल त्यानं काय करायचं?”

“झोपायचं.”

“झोपायचं नाही,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच वर्गातल्यासारखा झाला. “ज्याचा ई जाईल त्यानं आपलं पूर्ण स्पेलिंग मोठ्यानं म्हणायचं. ई धरून. मगच द्यायचा.”

आजोबांनी कानाला हात लावला. “मेलो. मला कुठं येतंय?”

“मी शिकवीन.”

अशी ती पद्धत सुरू झाली. दर सोमवारी सकाळच्या चहानंतर मामा माझे दार उघडत. ज्याचा ई जायचा असेल तो माझ्यासमोर उभा राही, स्पेलिंग म्हणे, आणि मग मामा तो ई उपटून दुसऱ्याच्या ओळीत लावत. पहिल्यांदा आजोबांची पाळी आली तेव्हा ते डी, आर, आय म्हणून घाटात गाडी बंद पडावी तसे थांबले. बाई बोटाने हवेत अक्षर काढून दाखवत होत्या. टेलर आजोबा खोकून खोकून काहीतरी सुचवत होते. त्यांना स्वतःलाही ते येत नव्हते. शेवटी आजोबांनी सगळे म्हटले, डी, आर, आय, व्ही, ई, आर, आणि घाम पुसत बाकावर बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षे परवान्यावर बाळगलेला शब्द त्यांनी पहिल्यांदा अक्षर अक्षर करून म्हटला होता.

मग सोमवारला गर्दी होऊ लागली. ज्यांच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता, तेही त्या दिवशी खाली येत. आजोबांना चेव चढला. ई नसलेल्या आठवड्यात ते जेवायला उशिरा येत आणि म्हणत, “काय करणार, या आठवड्यात मधला नट निघालाय.” बाई त्यांना दटावत, आणि दटावताना हसत. बागेतला वळसा बंद झाला होता. आता त्या मुद्दाम माझ्यासमोर थांबत, आणि रिकाम्या जागेपाशी बोट ठेवून तिथला ई तोंडाने म्हणत.

भेटायला येणाऱ्या लोकांना यातले काही ठाऊक नसे. कुणाची तरी कॉलेजातली नात एकदा माझा फोटो काढताना म्हणाली, “बघा ना, टीचरचंच स्पेलिंग चुकलंय.” पूर्वी हे ऐकून बाईंना रात्रभर झोप आली नसती. आता त्या बाकावरून शांतपणे म्हणाल्या, “चुकलेलं नाही बाळा. हा आठवडा त्यांचा आहे.” नातीला काही कळले नाही. मला मात्र हॉटेलातल्या सगळ्या बिनचूक ओळींपेक्षा ती अर्धवट ओळ अंगावर मिरवावीशी वाटली.

पण डॉक्टरांनी सांगितले होते ते खोटे नव्हते. बाई आता चहा घेतला की नाही ते विसरत. दुसऱ्याच्या खोलीत जाऊन आपली साडी शोधत. एकदा भाचा आला तेव्हा त्यांनी त्याला फार अदबीने विचारले, “आपण कुणाकडे आलात?” तो हसला, “तुझ्याकडेच की मावशी” म्हणाला, आणि नंतर माझ्यासमोरच्या बाकावर तोंड झाकून बसला. आजोबा त्याच्या पाठीवर हात फिरवत होते. सोमवार मात्र बाई विसरत नसत. विसरल्या तर आजोबा आठवण करत. “बाई, पाळी बदलायची आहे.” एवढे म्हटले की त्या उठत.

हिवाळ्यात आजोबांच्या छातीचे दुखणे वाढले आणि त्यांना इस्पितळात नेले. जाताना स्ट्रेचर माझ्यासमोरून गेले. त्या आठवड्यात ई बाईंकडे होता. आजोबांनी माझ्याकडे पाहिले आणि मामांना म्हणाले, “सोमवारी लक्षात ठेव. माझी पाळी आहे.”

सोमवारच्या आधीच ताईंना फोन आला. फोन माझ्या शेजारच्याच टेबलावर असतो. ताई “हो, हो” एवढेच म्हणत होत्या आणि त्यांचा दुसरा हात माझ्या चौकटीवर टेकलेला होता. त्या हाताने चौकट जशी घट्ट धरली, त्यावरूनच मला समजले. मला रडता येत नाही, आणि त्या दिवशी मला त्याचे फार दुःख झाले.

घराचा नियम असा होता, की माणूस गेला की त्याची अक्षरे काढून डब्यात ठेवायची. कुणालातरी लागतात. सोमवारी चहा झाल्यावर मामा डबा घेऊन आले. माझे दार उघडले आणि आजोबांच्या ओळीकडे हात नेला. डी, आर, आय, व्ही, आर. ई नसलेला शब्द.

“थांबा,” मागून बाई म्हणाल्या. कुणी बोलावले नव्हते, तरी त्या आल्या होत्या. “आज सोमवार आहे ना? ई त्यांना द्यायचा.”

मामांनी हात मागे घेतला. “बाई, अहो, आजोबा आता...”

“मला माहीत आहे ते गेले. सकाळपासून दोनदा विसरले आणि दोनदा आठवलं.” बाईंचा आवाज स्थिर होता, डोळे नव्हते. “चुकीचं स्पेलिंग ठेवून कुणाला निरोप देतात का? लावा ई.”

मग त्या माझ्यासमोर ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला शब्द म्हटला. टी, ई, ए, सी, एच, ई, आर. मामांनी ई उपटला आणि आजोबांच्या ओळीत बसवला. त्यांनी इतके सरळ अक्षर आजवर लावले नव्हते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आठवडा संपला तेव्हा आजोबांच्या खोलीत दुसरे कुणी राहायला येणार होते. मामांनी ताईंकडे पाहिले. ताई नियमाच्या पक्क्या. पण त्या म्हणाल्या, “खोलीचा आकडा तेवढा काढा. शब्द खालच्या ओळीत लावा. राहू दे.”

त्यामुळे पाळी बदलतच राहिली. आजोबांच्या वाटचे स्पेलिंग आता मामा म्हणत. चुकले तर बाई दुरुस्त करत. पुढे पुढे बाईंना दुरुस्त करणे जमेना. त्या पुष्कळ वेळा गप्पच असत. आणि मग एका सोमवारी, बाईंनी आपला ई देऊन झाल्यावर, भाचा एक भलेमोठे खोके घेऊन आला.

खोक्यात नवा फलक होता. चकचकीत, छापील, सगळी स्पेलिंग बिनचूक. पोराने मोठ्या हौसेने करून आणला होता. “मावशीचं आधीच काही लक्षात राहत नाही,” तो ताईंना म्हणाला. “त्यात रोज समोर चुकीचं बघून तिचा गोंधळ वाढत असणार. निदान तिचा शब्द तरी तिला नीट दिसू दे.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. बाईंना स्वतःला हीच भीती होती, ती मी माझ्या कानांनी ऐकली होती. ताईंनाही ते पटले असावे. मामा पेचकस घेऊन आले आणि माझा वरचा एक स्क्रू सैल केला. मी एका बाजूला कललो. अडगळीच्या खोलीचा वास मला आत्तापासूनच येऊ लागला. पण खरे सांगतो, मला माझी तेवढी काळजी नव्हती. त्या खोक्यातल्या छापील फलकावर ड्रायव्हर हा शब्द नव्हता.

तेवढ्यात बाई जेवणघरातून आल्या. कललेल्या मला पाहून थांबल्या. पुढे येऊन काचेवर बोट ठेवले.

“टी,” त्या म्हणाल्या. “ई. ए. सी. एच.”

आणि बोट थांबले. पुढे आर होता, पण बोट आरवर जाईना. एच आणि आर यांच्या मधल्या काळ्या कापडावर ते नुसते टेकून राहिले. बाईंचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. भाच्याला ते बघवेना. “मावशी, ई—” असे काहीतरी तो म्हणणार, तोच ताईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. हळू आवाजात म्हणाल्या, “थांब. सांगू नकोस.”

आम्ही सगळे थांबलो. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गिअर बदलत गेला आणि त्याचा आवाज दूर जाईपर्यंत कुणी हलले नाही.

“ई,” बाई म्हणाल्या. मग भाच्याकडे वळून, एखाद्या नवख्या पोराला समजावून सांगावे तसे, त्यांनी सांगितले, “इथं ई असतो. या आठवड्यात तो त्यांच्याकडे आहे.” आणि बोट पुढे सरकवून त्यांनी शब्द पुरा केला. “आर.”

भाच्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिले. खालच्या ओळीतला तो आकडा नसलेला शब्द त्याने बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. मग त्याने मामांच्या हातातून पेचकस घेतला आणि माझा सैल झालेला स्क्रू स्वतः घट्ट केला.

मित्रांनो, माझ्यावरच्या चुका पाहून पुष्कळ जण हसले आहेत. तुम्हालाही हसू येईल, तर हसा. एखादे अक्षर कमी पडले म्हणून माझे काही बिघडत नाही. पण तुमच्या घरात कुणी वडीलधारे माणूस बोलता बोलता एखाद्या शब्दापाशी अडले, तर घाई करून तो शब्द त्याच्या तोंडातून काढून घेऊ नका. थोडे थांबा. ते माणूस त्या शब्दाकडेच चाललेले असते, फक्त हळू चाललेले असते.